स्कापा फ्लोच्या थंड पाण्यासाठी ७ मिमीचा वेटसूट घ्यावा की ड्रायसूट?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं नवरा-बायको कोल्हापूरचे. मालवणला डाइव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स केला, अंदमानात ॲडव्हान्स्ड. माझा भाऊ एडिंबराला असतो. पुढच्या मे महिन्यात त्याच्याकडे जाऊन स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या खाडीत डाइव्ह करायचं आहे आणि येताना आइसलंडमधल्या सिल्फ्राच्या पाण्याने भरलेल्या भेगेत. ऑनलाइन ७ मिमीचा वेटसूट मिळतोय, तो घ्यावा की ड्रायसूट? मिस्टर म्हणतात, मी ऐन थंडीत पहाटे पंचगंगेत पोहतो, मला ७ मिमी रग्गड झाला. मी बारीक अंगाची आहे, मालवणलासुद्धा दुसऱ्या डाइव्हला कुडकुडते."

आधी निर्णय सांगतो, कारणं मागून. ७ मिमीचा वेटसूट (आत पाणी शिरू देणारा फेसाळ रबराचा सूट) दोघांनीही घेऊ नका. ड्रायसूटही (अंग कोरडं ठेवणारा सूट) आत्ता विकत घेऊ नका. तिकडे भाड्याने ड्रायसूट घ्या, त्याचं रीतसर प्रशिक्षण स्कापा फ्लोच्या आधी उथळ पाण्यात पूर्ण करा आणि इथून जाताना फक्त आत घालायचे कपडे नीट निवडून न्या. वाचलेले पैसे प्रशिक्षकावर आणि दोन-चार जास्तीच्या डाइव्हवर घाला. मी मालवणला शिकवतो आणि थंड पाण्यातही बरंच डाइव्हिंग केलंय. आपल्याकडची माणसं तिकडे जाऊन कशी गारठतात ते जवळून बघितलंय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

मिस्टरांच्या पंचगंगेपासून सुरुवात करतो, कारण हा मुद्दा मला नेहमी ऐकायला मिळतो. पहाटे घाटावर उभं राहिलं की पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. त्या दिसतात कारण त्या वेळी पाणी हवेपेक्षा उबदार असतं. शिवाय पोहणारा माणूस सतत हातपाय मारत असतो, अंगात ऊब तयार होत असते, आणि अर्ध्या तासात तो काठावर येऊन टॉवेल गुंडाळतो. डाइव्हरचं काम उलट आहे. त्याला हालचाल कमीत कमी ठेवायची असते, कारण हालचाल वाढली की हवा लवकर संपते. स्कापा फ्लोचं पाणी मे महिन्यात ८-९ अंशांच्या आसपास असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात ते १३-१४ पर्यंत चढतं, त्यापुढे नाही. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यात टाकीतली कोरडी, गार हवा प्रत्येक श्वासाला छातीतली ऊब घेऊन बाहेर पडते, आणि जितकं खोल जावं तितकी ही हवा दाट होत जाते, म्हणजे ऊबही जास्त जाते. अंगात ताकद किती आहे याच्याशी या हिशोबाचा संबंध नाही. भरल्या अंगाच्या माणसाला थोडा जास्त वेळ मिळतो, इतकाच फरक.

आता ७ मिमीचं गणित. वेटसूट नेमका कशाने ऊब देतो याबद्दल बराच गैरसमज आहे. आत शिरलेलं पाणी अंगाच्या उष्णतेने तापतं आणि ते ऊब देतं, असं आपल्याकडे अजून शिकवलं जातं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने वेटसूटची कल्पना मांडली. त्याचं म्हणणंच हे होतं की उष्णता अडवतात ते कापडात कोंडलेले वायूचे बुडबुडे. आतलं पाणी फक्त जागच्या जागी राहिलं म्हणजे झालं. निओप्रीन म्हणजे असे लाखो बारीक बुडबुडे असलेलं फेसाळ रबर. आणि बुडबुडा खोल पाण्यात दबतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. दुकानात हाताला जाड लागलेला ७ मिमीचा सूट ३० मीटरवर जवळपास निम्मा पातळ होतो. म्हणजे पाणी सर्वांत गार असतं तिथेच तुमची गोधडी विरते.

स्कापा फ्लोमध्ये बघण्यासारखं जे आहे ते नेमकं त्या खोलीवर आहे. २१ जून १९१९ला जर्मन आरमाराने स्वतःची जहाजं तिथे बुडवली. ७४ पैकी ५२ तळाशी गेली. बहुतेक नंतर भंगारासाठी वर काढली, ७ मोठी अजून खाली आहेत. तीन अवजड युद्धनौका ४० मीटरच्या आसपास तळाशी आहेत, त्यांचा बराचसा भाग तुमच्या ॲडव्हान्स्डच्या मर्यादेबाहेरचा. चार क्रूझर (त्यांहून लहान युद्धनौका) साधारण २५ ते ३६ मीटरवर कुशीवर पडलेल्या आहेत, त्यांच्या वरच्या कडा तुमच्या आवाक्यात येतात. म्हणजे तुम्ही २० ते ३० मीटरवर ८ अंशांच्या पाण्यात हळूहळू एका लोखंडी भिंतीकडेने सरकत असाल, आणि वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं जवळपास स्थिर थांबायचं असेल. वेटसूटमधला माणूस पहिली पंधरा मिनिटं मजेत असतो. त्याचा घात शेवटच्या दहा मिनिटांत होतो.

सूट निवडताना मी म्हणूनच एकच प्रश्न विचारतो: दिवसातल्या दुसऱ्या डाइव्हच्या शेवटी तुमची बोटं चालतील का? सेंटरच्या वेबसाइटवर पाण्याच्या वरच्या थराचं तापमान दिलेलं असतं. ते बघून सूट ठरवू नका. तळाचं तापमान, तळावरचा वेळ आणि दिवसातल्या डाइव्हची संख्या या तिन्ही गोष्टी बघा. गोड्या पाण्याच्या खोल तळ्यांत तर ऐन उन्हाळ्यातही वर १८-२० अंश आणि वरचा उबदार थर ओलांडला की खाली ६ अंश, असं सर्रास असतं.

बोटांचं म्हणतोय त्याची चाचणी सोपी आहे. पाण्याखाली अंगठा करंगळीच्या टोकाला लावून बघायचा. लागत नसेल तर डाइव्ह तिथेच संपली, जोडीदाराला खूण करून वर निघायचं. ज्या हाताला हे जमत नाही त्याला बीसीडीचं (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जाकिटाचं) बटण, वजनाच्या पट्ट्याचं बक्कल, मास्कचा पट्टा यातलं काहीच धड हाताळता येत नाही. हुडहुडी भरण्याच्या बऱ्याच आधी बोटं जातात. आणि शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं, म्हणजे वैद्यकीय अर्थाने हायपोथर्मिया झाला, की डोकंही मंद चालायला लागतं. आपण गारठलोय हे माणसाला स्वतःला कळेनासं होतं. म्हणून एकमेकांच्या हातांकडे लक्ष ठेवा.

गारठ्याचा आणखी एक धोका आहे, त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डाइव्हिंग केंद्राने २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तळाशी उबदार असलेले आणि वर येताना गार पडलेले डाइव्हर डीकॉम्प्रेशनच्या आजाराला (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या) जास्त बळी पडतात, आणि तळाशी गार राहून वर येताना उबदार असलेल्यांना धोका कमी असतो, असं त्यात दिसलं. कारण रक्तप्रवाह. ऊब असते तेव्हा रक्त हातापायांपर्यंत खेळतं आणि नायट्रोजन आत भरतो. मग वर येताना गारठून त्याच रक्तवाहिन्या आकसल्या की तो बाहेर पडायला वाट राहत नाही. वेटसूटमध्ये नेमकं हेच घडतं. डाइव्हनंतर लगेच कडकडीत पाण्याने अंघोळही करू नका, गार अंग एकदम तापलं की आतला वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. आधी कोरडे कपडे, गरम चहा, मग थोड्या वेळाने कोमट पाणी.

आता ड्रायसूट. दोन मुख्य जाती. एक ट्रायलॅमिनेट, म्हणजे तीन पदरी पातळ जलरोधक कापड. हे स्वतः अजिबात ऊब देत नाही, सगळी ऊब आतल्या कपड्यांची. वजनाला हलका, घडी लहान, लवकर वाळतो. दुसरा निओप्रीनचा. तो स्वतः थोडी ऊब देतो, अंगासरशी बसतो, पण जड असतो आणि खोलीवर तोही दबतो. दाबून घट्ट केलेल्या निओप्रीनचे सूटही असतात, ते दणकट. भाड्याने घेताना जो मापात बसेल तो घ्या, जातीवर अडून बसू नका. पुढे कधी विकत घेतलात तर विमानाने न्यायचा आहे, हे लक्षात ठेवून ट्रायलॅमिनेटच घ्या, असं माझं मत.

मापाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण गाडं अडतं ते इथेच. आतले सगळे कपडे घालूनच सूट चढवून बघा. उकिडवं बसा, दोन्ही हात डोक्यावरून मागे टाकून टाकीचा व्हॉल्व्ह गाठता येतो का बघा, मग हात छातीवर घट्ट कवळून पुढे वाका. खांद्यात किंवा काखेत ओढ बसली तर सूट लहान आहे. पायांत कापडाचे ढोपराएवढे फुगे राहत असतील तर मोठा आहे, आणि मोठ्या सूटमध्ये हवा पायांकडे धावते. मनगटाचं सील (पाणी अडवणारा घट्ट रबरी पट्टा) बघताना मूठ आवळून हात फिरवा. बारीक मनगटाच्या माणसाच्या शिरा (रक्ताच्या नव्हे, दोरीसारख्या ताठ कंडरा) मूठ आवळताच वर येतात, दोन शिरांमध्ये पन्हाळी पडते आणि तिच्यातून पाणी आत झिरपतं. तुमच्या अंगकाठीवरून हा त्रास तुम्हाला होण्याची शक्यता बरीच आहे. सील मनगटाच्या हाडावरून आणखी वर, हाताच्या मांसल भागावर सरकवलं की बहुतेक वेळा भागतं. लॅटेक्सचं सील निओप्रीनपेक्षा अशा मनगटावर चांगलं बसतं. मानेचं सील तर आणखी जपून बघा. सैल असेल तर पाणी येईल, एवढंच. पण फार घट्ट असेल तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन चक्कर येऊ शकते. काठावर पाच मिनिटं सील लावून बसा. डोकं हलकं वाटलं किंवा चेहरा लाल झाला तर तो सूट परत करा. "पाण्यात गेल्यावर सैल होईल" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका.

प्रशिक्षणावर मी एवढा जोर देतोय कारण ड्रायसूट म्हणजे अंगाभोवती बाळगलेली हवेची दुसरी पिशवी. खाली जाताना ती आवळते, अंगाला चिमटे बसल्यासारखं होतं, तेव्हा छातीवरच्या बटणाने थोडी थोडी हवा भरायची. वर येताना तीच हवा फुगते. ती डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून जाते, पण तो व्हॉल्व्ह सूटमधला सर्वांत उंच बिंदू असेल तरच. डोकं खाली, पाय वर झाले की हवा पायांत जाते, फिन (पायांत घालायचे पंखे) सुटायला बघतात आणि माणूस उलटा वर ओढला जातो. सोडवणूक अशी: गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटी मारून सरळ व्हायचं, डावं कोपर उंच करायचं. कधी भरायचं बटण अडकलं तर नळी ओढून काढायची. या दोन्ही गोष्टी जाड हातमोजे घालून, उथळ पाण्यात, हात आपोआप चालेपर्यंत करा. इंग्लंडमधल्या स्टोनी कोव्ह किंवा केपर्नरेसारख्या पाणी भरलेल्या जुन्या खाणींमध्ये हे शिकता येतं. भावाकडे जाताना वाटेत तीन-चार दिवस तिथे काढा. मगच ऑर्कनीची बोट धरा, आणि तिथेही पहिली डाइव्ह क्रूझरवर न करता १८ मीटरच्या आत करा.

सरावासाठी राधानगरी किंवा काळम्मावाडीच्या धरणाचा विचार मनातही आणू नका. परवानगी नाही, खाली दिसत काही नाही, बुडालेली झाडं आणि दरवाजांकडची ओढ आहे. इथे करता येईल ते एवढंच: एखाद्या तरण तलावात परवानगी काढून जाड हातमोजे घालून मास्क काढणं-घालणं, पट्ट्याचं बक्कल सोडणं-लावणं.

शिशाचं वजन वाढेल, घाबरू नका. मालवणला ४-५ किलोवर बुडणारा माणूस ड्रायसूटमध्ये १०-१२ किलो किंवा त्याहूनही जास्त मागतो. योग्य वजन म्हणजे टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, सूट जवळपास रिकामा ठेवून, ५ मीटरवर थांबता येणं. फिन इथून नेऊ नका. ड्रायसूटच्या बुटाला मोठा खिसा लागतो, मालवणचे पाय घालायचे फिन तर बसणारच नाहीत. रेग्युलेटरही (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) तिकडचाच घ्या, १० अंशांखालच्या पाण्यासाठी प्रमाणित असलेला. साधा रेग्युलेटर गारठ्यात आतून गोठून सलग हवा सोडायला लागतो.

इथून न्यायचे ते कपडे. महाद्वार रोडला थंडीचे म्हणून जे थर्मल मिळतात त्यांत बहुधा सुती धागा असतो. लेबल वाचा आणि सुती असेल तर घेऊ नका. सूट कोरडा असला तरी घाम येतोच, सुती कापड तो धरून ठेवतं आणि अंगाला गार चिकटतं. मिस्टरांना स्पष्ट सांगा: आत बनियन नको. हिमालयाच्या ट्रेकसाठी मिळतात ते पॉलिस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे अंगासरशी थर घ्या, वरचा पूर्ण आणि पायांचा पूर्ण. त्यावरचा जाड फ्लीसचा किंवा थिन्सुलेटचा एकसंध थर सूटबरोबर भाड्याने मिळतो. तुम्ही स्वतःसाठी एक पातळ फ्लीसचं जाकीट जास्तीचं न्या. मोज्यांचे दोन थर चालतात, पण पाय बुटात आवळला जायला नको, आवळलेला पाय लवकर गारठतो. बोटीवर पाण्यात उतरायच्या फार आधी सगळं चढवून बसू नका. घामाने आतला थर ओला झाला की सगळी तयारी वाया जाते.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते ही ऐकीव गोष्ट सोडून द्या. शरीराच्या इतर भागांइतकीच, त्या मानानेच जाते. तरीही हूड लागतोच. गार पाणी कानात शिरलं की एका कानाचा तोल बिघडून भोवळ येऊ शकते, कपाळ असं ठणकतं की डाइव्ह नको होते. ५ ते ७ मिमीचा, चेहऱ्याभोवती नीट बसणारा हूड हवा. हातांना ५ मिमीचे ओले मोजे (आत पाणी शिरणारे) की कोरडे मोजे (पाणी अडवणारे), यात तुम्ही कोरडे मागा, मिळाले तर. मिस्टरांचं ओल्यावर भागेल. हात तापवायच्या रासायनिक पुड्या सूटच्या आत घालू नका, दाबाखाली ऑक्सिजन जास्त मिळून त्या अपेक्षेपेक्षा तापतात आणि चटका बसतो.

एक नाजूक वाटणारा विषय, पण सांगितलाच पाहिजे. गार पाण्यात लघवी जास्त लागते, दोघांनाही. म्हणून पाणी पिणं बंद करू नका, कोरड्या शरीराला डीकॉम्प्रेशनचा धोका वाढतो. मोठ्या माणसांसाठीचं डायपर हा साधा, सगळीकडे चालणारा उपाय आहे. थंड पाण्यातले कितीतरी डाइव्हर तेच वापरतात.

७ मिमीचा वेटसूट सगळीकडेच वाईट असं नाही. १५ ते १९ अंशांत, हिवाळ्यातल्या माल्टाला वगैरे, नीट बसणारा ७ मिमी आणि हूड उत्तम चालतो. पण तुमच्या या सहलीत त्याला जागा नाही, आणि मालवणला तो उकडून काढेल. वेटसूट घ्यायचीच हौस असेल तर तुमच्या मापाचा ५ मिमी आणि त्याखाली हूड असलेली पातळ बंडी घ्या. हंगामाच्या सुरुवातीला मालवणलाही कधी कधी खाली गार थर लागतो, अंदमानात लांबलचक डाइव्ह असतात, आणि तुम्ही दुसऱ्या डाइव्हला कुडकुडता त्यावर खरा इलाज तोच.

राहिलं सिल्फ्रा. पाणी बारा महिने २ ते ४ अंश. उतरायची मर्यादा १८ मीटर. तिथे ड्रायसूटशिवाय उतरूच देत नाहीत, आणि ड्रायसूटचं प्रशिक्षण किंवा अलीकडचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणून स्कॉटलंडच्या प्रत्येक डाइव्हची नोंद लॉगबुकात सही-शिक्क्यानिशी घ्या. ऑर्कनीची शेवटची डाइव्ह आणि विमान यात पूर्ण दिवस मोकळा ठेवा. सिल्फ्राला हातमोजे बहुधा ओलेच देतात, हात आणि ओठ बधिर होतील, बाकी अंग ठीक राहील. मात्र तुम्ही बारीक अंगाच्या आहात म्हणून एक गोष्ट आधी बघा: तिथल्या बहुतेक सेंटरची किमान उंची १५० सेंटिमीटर आणि किमान वजन ४५ किलो अशी अट असते, कारण त्याहून लहान सूट त्यांच्याकडे नसतात. पैसे भरण्याआधी दोघांची उंची, वजन, मनगटाचा आणि मानेचा घेर, बुटाचं माप हे सगळं कळवा आणि तुमच्या मापाचा सूट आहे असं त्यांच्याकडून लेखी मागवून घ्या.